लाखाचे अकरा, कोटीचे सात

लाख मोठा की कोटी मोठा, असा प्रश्न अमरावतीच्या कापूसबाजारात कोणी विचारला, तर विचारणाराचे डोके ठिकाणावर आहे की नाही याचीच आधी चौकशी होईल. परंतु स्क्रॅबल नावाच्या खेळाच्या पटावर या प्रश्नाचे उत्तर अगदी उलटे आहे. तेथे लाखाचे ११ गुण मिळतात आणि कोटीचे ७. कारण लाख हा शब्द इंग्रजीत लिहिताना के आणि एच ही दोन महाग अक्षरे लागतात. 'क्रोर' मात्र एक सी सोडला तर एकेका गुणाच्या स्वस्त अक्षरांनी भरलेला आहे. रुपयाचेही सातच आणि पैशाचेही सातच. त्याहून मौज अशी की, आण्याला ४ गुण आहेत आणि ज्या जुन्या पैशाला इंग्रज 'पाइस' म्हणत त्याला ८. चार पैशांचा एक आणा, हे कोष्टक आमच्या वडीलधाऱ्यांनी छड्या खात पाठ केले. पटावर मात्र एका पैशात दोन आणे येतात!

ज्या कोणी हे कोष्टक बसविले, त्याचा आपल्या नाण्यांवर काही राग होता असे नाही. आल्फ्रेड बट्स नावाचा अमेरिकन वास्तुविशारद १९३०च्या सुमाराच्या मंदीत बेकार झाला आणि रिकामपणी खेळ शोधू लागला. वर्तमानपत्रे पुढे घेऊन कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने मोजले. वारंवार येणारे अक्षर स्वस्त आणि क्वचित येणारे महाग, असा भाव ठरविला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो या गृहस्थाने त्या खेळाला आजचे नाव दिले. शंभर सोंगट्या, पंधरा गुणिले पंधरा घरांचा पट, प्रत्येकाच्या हाती सात अक्षरे. एवढ्या भांडवलावर हा खेळ जगभर पसरला. दिवाळीच्या सुटीत अकोल्या-अमरावतीच्या घरांतूनही फराळाच्या ताटांशेजारी हा पट मांडलेला दिसतो, आणि चकलीचे तेलकट हात त्या सोंगट्यांना लागू नयेत म्हणून थोरली मंडळी ओरडतानाही ऐकू येतात.

आमचा विषय मात्र तो पट नसून, त्याच्या शेजारी असलेले पुस्तक हा आहे. या खेळाच्या नादाने इंग्रजीत एक निराळाच ग्रंथप्रकार जन्माला आला आहे: खेळाडूंसाठी अपरिचित शब्द आणि त्यांचे अर्थ. कोणी दोन अक्षरी शब्दांची यादी करतो, कोणी क्यू असूनही यू नसलेल्या शब्दांची, कोणी झेडने संपणाऱ्यांची. या सर्वांची गंगोत्री म्हणजे कॉलिन्सची प्रमाण यादी. तीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्दरूपे आहेत आणि आपल्याकडच्या स्पर्धांतून तीच ग्राह्य मानतात. अशा पुस्तकांना वाङ्मय म्हणावे काय, असे कोणी नाक मुरडील. परंतु जे पुस्तक मुले अभ्यासाच्या पुस्तकापेक्षा अधिक आवडीने चाळतात, त्याची परीक्षा करण्यात कमीपणा कसला? कादंबरीचे परीक्षण करणारे पुष्कळ आहेत; यादीचे कोणी करीत नाही, म्हणून तर याद्या एवढ्या निर्धास्त असतात.

प्रथम त्यांचे गुण सांगू. दोन अक्षरी शब्दांची यादी घ्या. ते सव्वाशेच्या घरात आहेत आणि त्यांतले निम्मे इंग्रजी एम्. ए. झालेल्या माणसालाही माहीत नसतात. 'आ' म्हणजे हवाई बेटांतला खडबडीत लाव्हा. 'ची' ही चिनी लोकांची प्राणशक्ती. क्यू आणि आय एवढ्याच दोन अक्षरांत ती मावते आणि अकरा गुण देऊन जाते. 'झो' म्हणजे याक आणि गाय यांचे हिमालयातले मिश्र अपत्य. त्या बिचाऱ्या प्राण्याला पाच स्पेलिंगे आहेत. 'काय' म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत गाई. या यादीतून सगळी पृथ्वी लहान लहान तुकड्यांनी घरात येते, आणि ज्या मुलाला कुतूहल आहे त्याला एकेक शब्द म्हणजे एकेक खिडकी होऊ शकतो. इंग्रजी भाषेची पचनशक्ती दांडगी आहे. तिने कोणाच्या घरचे काय खाल्ले याचा हिशेब ठेवायला सुद्धा मोठी फडताळे लागतात.

होऊ शकतो, असे आम्ही म्हटले. होतो असे म्हटले नाही. कारण या पुस्तकांतला अर्थ हा नुसता देखावा असतो. खेळात अर्थाला किंमत शून्य. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स हा या खेळाचा अनेकवार जगज्जेता. त्याने २०१५ मध्ये फ्रेंच भाषेतले अजिंक्यपद जिंकले, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. त्याने शब्द पाठ केले होते. २०२४ मध्ये त्याने स्पॅनिशचेही अजिंक्यपद त्याच रीतीने मिळविले. ही स्मरणशक्ती विलक्षण खरीच, आणि तिच्यापुढे मान लवविण्यात आम्हांला संकोच वाटत नाही. तरी यास्काचार्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला त्यांच्या निरुक्तात भार वाहणाऱ्या खुंटाची उपमा आली आहे. अर्थात खुंटालाही आपले काम असते; छप्पर त्याच्यावरच उभे राहते. म्हणून खेळाडूला आमचा दोष नाही. दोष आहे तो अर्थाची ओळ लिहिणाराला. 'एक भारतीय झाड', 'एक भारतीय हरिण', 'एक भारतीय धान्य' एवढे लिहून तो हात झटकतो. कोणते झाड, ते कोठे वाढते, त्याला तेथील माणसे काय म्हणतात, याची त्याला गरज नाही. पण ज्यांच्या शेतात ते झाड आहे त्यांच्या पोराने हीच ओळ वाचावी आणि तेवढीच खरी मानावी, हे मात्र सोसवत नाही.

उदाहरणार्थ, आमच्याकडचा रोही घ्या. अकोला जिल्ह्यात रोह्यांचे कळप रात्रीतून तूर-हरभऱ्याचा फडशा पाडतात, आणि त्यांच्या पायी कास्तकाराला जागलीला जावे लागते. या जनावराला पुस्तकी मराठीत नीलगाय म्हणतात. इंग्रजी यादीत ते सहा वेषांत आढळते: निलगाय, निलगाउ, मध्ये एच घातलेली त्यांचीच दोन रूपे, आणि आयच्या जागी वाय घातलेली आणखी दोन. यांतली काही रूपे हिंदी गायीची, तर काही फारसी 'गाव'ची. कोणा प्रवाशाने जसे ऐकले तसे लिहिले, आणि कोशकाराने कोणालाच नाराज केले नाही. सहाही रूपे पटावर चालतात. 'रोही' मात्र चालत नाही. ज्या शब्दाने हा प्राणी शेकडो खेड्यांत रोज रात्री शिव्या खातो, तो शब्द कोणा साहेबाच्या कानावर वेळेवर पडला नाही, एवढाच त्याचा अपराध.

सांबराचीही तीच तऱ्हा. त्याची चार स्पेलिंगे. मेळघाटातला मोह महुआ, महवा, मोवा, मोवरा अशा नाना रूपांनी यादीत फुललेला आहे. रानकुत्र्याची कथा सर्वांत चमत्कारिक. मेळघाटातल्या या शिकारी प्राण्याला इंग्रजीत 'ढोल' म्हणतात. डी-एच-ओ-एल-ई, गुण ९. हा शब्द कोणत्या भारतीय भाषेतून उचलला, हे कोशकारांना आजतागायत निश्चित सांगता आलेले नाही. कोणी कानडीतल्या लांडग्याच्या नावाकडे बोट दाखवितो इतकेच. आमच्याकडे ढोल वाजवितात, तो डोंगरात हिंडत नाही. याच्या उलट, कर्नल साइक्स याने १८३१ मध्ये दख्खनच्या रानकुत्र्याचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा मराठ्यांचे 'कोळसून' हे नाव त्याने नीट नोंदविले होते. म्हणजे खरे नाव साहेबाच्या कानावर गेले होते, कागदावरही उतरले होते. तरी पटावर राज्य ढोलाचे. आणि जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, डाळीची जी चार स्पेलिंगे या यादीत आहेत, त्यांतले एक 'ढोल'पासून अवघ्या एका अक्षराच्या अंतरावर आहे. शेवटची सोंगटी बदलली की ताटातल्या वरणाचा रानकुत्रा होतो.

तुरीवर तर अन्यायच झाला. टी-यू-आर हा शब्द यादीत आहे. अकोल्याचा मुलगा तो हर्षाने मांडील. परंतु अर्थ पाहू जाता तेथे कॉकेशस पर्वतातला रानबोकड उभा! आपली तूर आणि त्यांचा बोकड एका दाव्याला बांधलेले. 'बंडी'चेही असेच. इंग्रज मुलाला या शब्दाने वाकड्या तंगड्या दिसतात. मोठ्या कोशात मात्र दक्षिण हिंदुस्थानातली बैलगाडी हाही अर्थ दिलेला असतो. तमिळ-तेलुगूमधून आलेला हा शब्द वऱ्हाडात आजही जिवंत आहे. आमच्या पोराला बंडी म्हणजे काय हे कोशात पाहण्याचे कारण नव्हते. पण बंडी हा इंग्रजी शब्दही आहे, हे त्याला सांगतो कोण?

राज्यकर्त्यांचे भाव पाहिले म्हणजे आणखी करमणूक होते. वऱ्हाडावर एके काळी निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुहेरी अंमल होता. वसूल दोघांत वाटला जाई. पटावर निजामाला १६ गुण, पेशव्याला १४. पेशव्यांना तीन स्पेलिंगे असून सर्वांत लांब स्पेलिंगाने ते १९ पर्यंत चढतात. भोसल्यांना यादीत जागाच नाही. जमीनदार २०, आणि 'रयत' ७. वऱ्हाडात पुढे इंग्रजांनी रयतवारी आणली, पण पटावरचा भाव तिने बदलला नाही. एका बाबतीत मात्र पटाचा हिशेब आमच्या जमिनीशी जुळतो. खरिपाला १६ गुण आणि रब्बीला ६. काळ्या मातीतल्या कोरडवाहू कास्तकाराला हे प्रमाण कोणी समजावून सांगायला नको. ज्वारीचे 'जोवार' झाले, तेव्हा जे आणि डब्ल्यू यांच्या कृपेने तिला १५ गुण मिळाले; भाकरीला एवढा मान इतरत्र कोठे मिळाल्याचे आम्ही ऐकले नाही.

ही सर्व थट्टा झाली. खरा प्रश्न असा की, शब्दाचा अर्थ सांगावा तरी कसा? या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर इंग्रजीतच आहे आणि ते १८८६ पासून छापलेले आहे. कर्नल हेन्री यूल आणि मद्रासकडील मुलकी अधिकारी बर्नेल यांनी केलेला 'हॉब्सन-जॉब्सन' हा तो कोश. बर्नेल १८८२ मध्येच वारले. पुस्तक त्यांनी पाहिले नाही. १९०३ मध्ये क्रुक यांनी त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. नावच पाहा: मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या तोंडी जाऊन त्याचे हॉब्सन-जॉब्सन झाले, आणि कोशकर्त्यांनी तेच विद्रूप नाव मोठ्या कौतुकाने ग्रंथाला दिले. या ग्रंथात शब्दाला नुसता अर्थ नसतो, चरित्र असते. कोणी, कोणत्या साली, कोणत्या बंदरात, कसा लिहिला, याची अवतरणे सनावळीने लावलेली असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, तसा प्रत्येक शब्द आपला प्रवास पाठीवर घेऊन येतो. पेंढारी या शब्दावरचे त्यांचे विवेचन पाहावे. मराठी रूप हेच अधिक मूळचे दिसते, असा प्रामाणिक कौल त्यांनी दिला आहे. मुंगसाच्या बाबतीत मात्र त्यांनी तेलुगूकडे बोट दाखविले, आणि पुढच्या पुष्कळ कोशांनी 'मंगूज'चे मूळ मराठीत मानले. मुंगूस कोणाचे यावर भाऊबंदकी करण्याची आमची इच्छा नाही. गोदावरीच्या अलीकडे-पलीकडे ते दोन्ही भाषांच्या कुंपणांतून हिंडत होते, एवढे आम्हांला पुरे आहे.

इतके सांगूनही या थोर ग्रंथावर आमचा एक आक्षेप आहे. तो समुद्रावरून आलेल्या माणसांचा कोश आहे. कालिकत, कोचीन, गोवा, सुरत, मद्रास, हुगळी या किनाऱ्यांवर त्याचे दिवे झगझगीत लागलेले आहेत. जसजसे घाट चढून आत यावे तसतसा उजेड कमी होतो. वऱ्हाडापर्यंत तो येतो तेव्हा चिमणीएवढाच उरतो. याचा पुरावा एका शब्दात देता येईल, आणि तो शब्द अमरावतीचा आहे.

अमरावतीला पूर्वी उमरावती असेही म्हणत. जुन्या इंग्रजी कागदांत तिचे नाव ओ-ओ-एम पासून सुरू होणाऱ्या लांबलचक स्पेलिंगाने येते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्या चार वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला जो भाव आला, त्याच्या कथा कित्येक घरांत सांगितल्या जात. लवकरच मध्यप्रांत-वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक नावाचा खास कापूस-कमिशनर नेमला गेला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि बडनेऱ्याहून अमरावतीला, जलंबहून खामगावला फाटे फुटले. या सर्व धामधुमीत लिव्हरपूलच्या दलालांनी उमरावतीचे लांब नाव तोडून लहान केले: 'ऊमरा'. ऊमरा म्हणजे वऱ्हाडकडचा, आखूड धाग्याचा कापूस. पुढे मुंबईच्या वायदेबाजारात भडोच, बंगाल आणि ऊमरा अशी तीन नावे दबदब्याने चालत. खानदेशचा कापूसही ऊमराच्याच नावाखाली विकला जाऊ लागला. एका गावाचे नाव मुलखाचे झाले, मुलखाचे नाव मालाचे झाले, आणि ते नाव ज्यांनी अमरावती नकाशावरही पाहिली नव्हती अशा माणसांच्या तारांतून समुद्रापलीकडे रोज जाऊ लागले. इंग्रजी शब्द होण्यासाठी आणखी काय करावे लागते? वापर होता, अर्थ होता, पैसा होता. तरी हॉब्सन-जॉब्सनमध्ये ऊमरा नाही, आणि कॉलिन्सच्या यादीतही नाही.

त्या जागी कोण आहे ते पाहण्यासारखे आहे. दोन्हीकडे 'ओमरा' आहे: ओ-एम-आर-ए-एच, म्हणजे मोगल दरबारचा उमराव. पटावर त्याला १० गुण आहेत. उच्चार जवळजवळ तोच. एकाने जहागिरी भोगल्या, दुसऱ्याने गाठी भरल्या. सुरतेचे नावही यादीत आहे, कारण लँकेशायरच्या विणकरांनी सगळ्याच हिंदी कापसाला 'सुरत' म्हणून नावे ठेवली आणि तो जाडाभरडा कपडा कोशात जाऊन बसला. शिवी म्हणून का होईना, सुरत आत शिरली. नावाजलेला माल म्हणून ऊमरा बाहेर राहिला. डोंगरीच्या जाड्या कापडाची 'डंगरी' तर आज जगभर मुले अंगात घालतात. यादीच्या त्या पानावर बँडवाल्यांचा 'ऊम्पा' आणि नट्यांच्या मादकपणाचा 'ऊम्फ' हे शब्द एकाखाली एक आहेत, आणि काही ओळींनी आपला उंट येतो, ओ-ओ-एन-टी. ऊमरा असता तर ऊम्फ आणि उंट यांच्या मध्ये असता. ते नाव आज बाजारातून गेले आहे. नव्या वाणांची नावे निराळी आहेत. बाजार विसरला तर समजू शकते, कारण बाजाराचे कामच विसरण्याचे आहे. कोशाचे तसे नाही.

येथे कोणी विचारील की, परक्यांनी आपले शब्द नोंदविले नाहीत म्हणून एवढे रडायचे, तर आपण स्वतः काय दिवे लावले? प्रश्न रास्त आहे. दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत महाराष्ट्र शब्दकोश काढला. त्यात शब्दापुढे कोठे कोठे लहानसा 'व.' दिसतो. हा 'व.' म्हणजे वऱ्हाडी. ही एवढीशी खूण पाहून वऱ्हाडातल्या वाचकाला काय वाटते, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळायचे नाही. तो शब्द चुकीचा नाही, तो अमक्या भागात बोलतात, एवढेच ती खूण सांगते. आणि तेवढ्यात सगळे आले. कोशकाराने न्याय करायचा असतो तो असा, निवाडा न देता. ज्या रिद्धपूरच्या परिसरात म्हाइंभटांनी माणसे गाठून गाठून, त्यांच्या आठवणी विचारून लीळाचरित्र उभे केले, ते गाव अमरावती जिल्ह्यातच आहे, आणि आता तेथे मराठी भाषेचे विद्यापीठही झाले आहे. तोंडचा शब्द जसाच्या तसा टिपण्याची ही पद्धत सातशे वर्षांपूर्वी आमच्याच मातीत होती.

पण शाळेत काय चालते? वऱ्हाडी माणूस डोळ्याला 'डोया' म्हणतो आणि काळ्याला 'काया'. वहीत असे लिहिले की तांबडी रेघ. शुद्धलेखन नसावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. लिहिताना एक वळण पाहिजेच. परंतु ज्या घरात नीलगायीची सहा स्पेलिंगे तोंडपाठ करणारा नातू आजीच्या 'डोया'ला हसतो, त्या घरात भाषेचा काही तरी तोल गेला आहे. इंग्रजांनी आपल्या कानांच्या चुका सुद्धा सन्मानाने जतन केल्या. आम्ही आमच्या आयांच्या तोंडचे अचूक शब्द चूक ठरविले. गाडगेबाबांनी ज्या बोलीत हजारोंना रडविले आणि हसविले, ती बोली नातवाला फक्त नकलेपुरती ठाऊक असावी, हे बरे नव्हे.

मराठीत असा पट का होत नाही, याचीही चर्चा अधूनमधून होते. अडचण लिपीची आहे. चौतीस व्यंजनांना बाराखडी लावली की चारशेवर सोंगट्या झाल्या. जोडाक्षरांची गणती निराळीच. शब्दकोड्यांत आपण एका घरात एक अक्षर, मग त्याला काना असो की रफार, असा तोडगा काढला आहे आणि तो चांगला चालतो. मात्र या कोड्यांतले शब्द फार गुळगुळीत झाले आहेत. 'सूर्य', 'कमळ', 'राजा', 'पाणी' यांचे तेच ते समानार्थी शब्द. जणू मराठी माणूस दिवसभर देवपूजेलाच बसलेला आहे. तिफण, डवरा, सरकी, बोंड, रेचा हे शब्द कोड्यात का नसावेत? रेचा म्हणजे सरकी वेगळी करण्याचे साधन; त्यालाच पुढे गिरणीच्या रूपात 'जिन' म्हणू लागले. इंग्रजीत 'एंजिन'चे शेपूट तोडून हा शब्द झाला. इंग्रजाला जिन म्हटले की बाटली आठवते, गोष्टीतल्या पोराला भूत आठवते, आणि अकोल्याच्या माणसाला कापसाच्या गाड्यांची रांग. तीन अर्थ एका अक्षरात. यापेक्षा चांगले कोडे ते कोणते?

म्हणून दिवाळीपुरता एक घरगुती नियम सुचवावासा वाटतो. घरच्या पटाला पंच नसतो आणि कॉलिन्सचा जप्तीवाला दाराशी येत नाही. जो खेळाडू शब्दाचा अर्थ सांगील आणि तो शब्द कोण, कोठे बोलतो हेही सांगील, त्याचा शब्द ग्राह्य धरावा, मग तो इंग्रजी अक्षरांत मांडलेला वऱ्हाडी का असेना. शंका आली तर कोशाऐवजी आजीला विचारावे. तिचा निकाल अखेरचा. या नियमाने रोही पटावर येतो आणि त्याचे गुण होतात ७, म्हणजे थेट कोटीइतके. ऊमराचेही सातच. आणि आमच्याकडे कापसाच्या झाडाला म्हणतात त्या पऱ्हाटीला नेमकी सात अक्षरे लागतात, पी-ए-आर-एच-ए-टी-आय. तिचे मूळ गुण १२. पहिल्याच डावात ती मधल्या चांदणीवरून आडवी टाकली तर बाराचे चोवीस होतात, आणि हातातली सातही अक्षरे एका दमात संपल्याचे ५० वर मिळतात. निदान चौऱ्याहत्तर.